लहान तोंडाचं मशीन

माघ उतरणीला लागला की पडेगावच्या बाजूने येणाऱ्या वाऱ्याला जळक्या पऱ्हाटीचा वास येऊ लागतो. कापसाची शेवटची वेचणी झालेली असते. लोक वाळलेल्या पऱ्हाट्या उपटतात, बांधाला ढीग लावतात आणि काडी ओढून मोकळे होतात. आमची कंपनीची बस वाळूजहून परतते तेव्हा तो धूर खिडकीतून आत येतो. बाकीच्या बाया नाकाला रुमाल लावतात. मी खिडकी आणखी सरकवते, कारण त्या धुरामागून मला दोन वर्षांपूर्वीचा दुसराच वास आठवतो. ओली बाभूळ कातरली जाताना येणारा, कच्च्या शेंगेसारखा, थोडा आंबूस, थोडा गोडसर. तो माझ्या जिंकण्याचा वास आहे. जिंकलेलं माणसाने हळू आवाजात सांगावं म्हणतात, पण मी काही हळू बोलणारी बाई नाही.

हळू बोलत नाही म्हणूनच तर सगळं घडलं. वडील गेल्यावर सातबारावर आईचं, दादाचं आणि माझं नाव लागलं. आमच्याकडची रीत अशी की बहिणीने हक्कसोडपत्रावर सही करायची, भावाने साडी नेसवायची आणि माहेरचं दार उघडं राहायचं. माझ्या दोन्ही आत्यांनी तेच केलं. मी म्हटलं, मला सगळ्यातला वाटा नको, नाल्याकडचं तीन एकर तेवढं द्या. दादाला आधी चेष्टाच वाटली. नाल्याकडचं तीन एकर म्हणजे निव्वळ काटवन. पंधरा-सोळा वर्षांत तिथे वेड्या बाभळीशिवाय काही उगवलं नव्हतं, आणि रानडुकरांशिवाय आत कुणी शिरत नव्हतं. दादाला त्या जमिनीची हाव नव्हती. त्याला भीती होती ती लोकांची: बहिणीने वाटा घेतला म्हणजे भावाने तिचं काही केलं नसेल, असं गाव म्हणणार.

त्या वर्षी भाऊबीजेला मी ताट घेऊन दादाला ओवाळत होते. घर पाहुण्यांनी भरलेलं. एक चुलते मोठ्याने म्हणाले, "शोभे, यंदा ववाळणी तूच घाल की भावाला. सही करून टाक." सगळे हसले. दादा हसला नाही, पण त्यांना गप्पही बसवलं नाही, नुसता निरांजनाकडे बघत राहिला. मला ते जास्त लागलं. ताट हातात असतानाच मी म्हणाले, "गुढीपाडव्याला त्या रानात नांगर चालला नाही तर मी माझ्या हातानं सही करते. आणि चालला तर पुन्हा कुणी हा विषय काढायचा नाही." परत येताना गाडीवर नवरा एवढंच म्हणाला की जीभ जरा आवरली असतीस तर बरं झालं असतं. पुढच्या रविवारी मात्र तो कोयता घेऊन माझ्याआधी तयार होता.

ते रान मला का हवं होतं, हे मी तेव्हा कुणाला नीट सांगू शकले नाही. ते काट्यात गेलं त्याच्या आधीचं मला आठवतं. वडील तिफण हाकायचे आणि चाड्यावर मूठ आईची असायची. दाणे सोडताना तिच्या बांगड्या चाड्याच्या लाकडाला लागत, आणि मी मागून अनवाणी चालत ओल्या तासात पाय बुडवत जायचे. पेरलेलं सगळं आईच्या मुठीतून गेलेलं, पण नाव कागदावर आलं ते वडील गेल्यानंतर, वारस म्हणून. हा विचार मला कंपनीत बसल्या बसल्या छळायचा.

कंपनीत माझं काम तपासणीचं. एकोणीस वर्षं मी हातात गेज धरून बसते. भाग गेजमध्ये बसला तर पास, नाही बसला तर लाल डब्यात. त्यामुळे मला माणसं थोडी खडूस म्हणतात आणि त्यात फारसं खोटं नाही. काटवन काढायच्या सगळ्या युक्त्या मी अशाच एकेक करून लाल डब्यात टाकल्या. जेसीबीवाला म्हणाला, दोन दिवसांत लोटून ढीग लावतो, मग द्या पेटवून. पण शेजारी दादाची सीताफळाची बाग, खाली ठिबकच्या नळ्या आणि फाल्गुनातला वारा. माझं रान मोकळं करताना भावाची बाग जाळायची नव्हती. कोळसेवाले जाड लाकूड न्यायला तयार होते, पण ते खोड नेतात आणि काटेरी फांद्या तिथेच सोडून जातात. मला तर काटाच काढायचा होता. मग शहरातल्या कृषी प्रदर्शनात मी ट्रॅक्टरच्या मागे जोडायचं ते चिपर पाहिलं. एका बाजूने फांदी घालायची, दुसऱ्या बाजूने चुरा बाहेर. दहा मिनिटं मी तिथून हलले नाही.

आता प्रश्न कुठलं घ्यायचं हा होता. ट्रॅक्टर रफीकभाईंचा, मशीन माझं, अशी आमची भागी ठरली. रफीकभाई आमच्या शिवारात वीस वर्षं नांगरटी करतात आणि इंजिनाच्या आवाजावरून त्याचं दुखणं सांगतात. प्रदर्शनात सगळ्यांची गर्दी होती ती मोठ्या तोंडाच्या मशीनपाशी. हातभर रुंद तोंड, झाडच्या झाड गिळेल असं. मीही भुलले होते. आपल्याकडे मशीन असो की कढई, मोठी दिसली की चांगली. रफीकभाईंनी माहितीपत्रक माझ्याकडून वाचून घेतलं आणि पन्नास हॉर्सपॉवरच्या वरचा आकडा ऐकल्यावर मान हलवली. त्यांचा ट्रॅक्टर पंचेचाळीसचा. मी म्हटलं, पाचाने काय बिघडतं. तेव्हा त्यांनी सांगितलेलं वाक्य मी नंतर आमच्या कंपनीतल्या इंजिनियरलाही ऐकवलं. "ताई, बोनेटपे लिखा वो दिखाने का. पीछे शाफ्टपे मिलता वो काम का. दोनों एक नई होते." इंजिनाचं सगळं बळ मागच्या शाफ्टपर्यंत पोचत नाही, काही वाटेतच खर्ची पडतं, आणि मशीनला मिळतं ते उरलेलं.

तरीही मी दोन्ही मशीन चालवून बघायचं ठरवलं, आणि तेही माझ्या बाभळीवर. एकोणीस वर्षांत मी एक गोष्ट शिकले आहे: विकणाऱ्याने आणलेला नमुना कधीच नापास होत नाही. म्हणून आम्ही ट्रॉलीत आमच्या रानातल्या फांद्या भरल्या आणि रफीकभाईंच्याच ट्रॅक्टरने विक्रेत्याच्या आवारात गेलो. तिथे त्याने निलगिरीचे सरळ सोट रचून ठेवले होते. मोठ्या तोंडाच्या मशीनने ते असे गिळले की बघणारे खूश झाले. मग मी आमची ट्रॉली दाखवली. विक्रेत्याचा चेहरा उतरला, पण नाही कसं म्हणणार.

वेडी बाभूळ सरळ वाढत नाही. तिच्या प्रत्येक फांदीला तीन वाटा फुटतात आणि प्रत्येक वाटेला काटे. पहिलीच बेचक्याची फांदी त्या मोठ्या तोंडात आडवी अडकली. विक्रेत्याच्या माणसाने काठीने ढकललं, मग दुसऱ्या फांदीने ढकललं, मग पाय उचलून टाच मारली. फांदी आत गेली तसं ट्रॅक्टरने काळा धूर सोडला आणि इंजिन बसत बसत बंद पडलं. माझं लक्ष इंजिनाकडे नव्हतं. मी त्या माणसाच्या टाचेकडे बघत होते. यंत्रात हात गेलेला माणूस मी जवळून पाहिलेला आहे, तो अजून डाव्या हाताने डबा उघडतो. ज्या मशीनला माणसाचा पाय लागतो ते मशीन माझ्याकडून पास होत नाही. मोठं घर पोकळ वासा, असं मी विक्रेत्याच्या तोंडावर म्हणाले.

दुसऱ्या मशीनचं तोंड वीतभरही नव्हतं. पण तोंडाशी दातेरी रोलर होते. बुंधा त्यांच्यापर्यंत नेला की ते फांदी आपणहून ओढून घेत आणि बेचकं दाबून सरळ करत. माणसाने हात सोडून मागे व्हायचं. आतलं चक्र दमलं की रोलर स्वतःच थांबत, चक्राने पुन्हा वेग घेतला की पुढचा घास ओढत. तोंडाभोवती एक लाल दांडा होता. कुणाचा तोल जाऊन अंग त्याच्यावर पडलं की रोलर उलटे फिरत. मी तो दांडा सात वेळा दाबून बघितला. सात वेळा रोलर उलटे फिरले. रफीकभाई डोळे मिटून इंजिन ऐकत होते, त्यांनी डोळे न उघडताच बोट वर केलं. मशीन पास.

ते घरी आलं तेव्हा दादा बघायला आला. भोवती फिरला, वाकून तोंडात डोकावला आणि म्हणाला, "येवढंसं तोंड? यापरीस आपली शेळी बरी. ती शेंगा तरी खाती." गावात ही गोष्ट मशीनच्या आधी पोचली. पाडवा अजून चोवीस दिवसांवर होता.

आणि मग आमची चूक उघडी पडली. मशीन निवडायच्या आधी, मार्गशीर्षातच, मथुराबाईंनी त्यांच्या सहा बायांना घेऊन पहिलं एकर तोडून ठेवलं होतं. मथुराबाई पासष्टीच्या, शिवारातल्या बायांच्या मुकादम, कुठल्या झाडाला कुठे घाव घालायचा ते त्यांना न बघता कळतं. त्यांनी फांद्यांचे घरासारखे उंच ढीग लावले आणि आम्ही सगळ्यांनी ते उन्हाला छान वाळू दिले. कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही. काटा तोडला की वाळवायचा आणि वाळला की चुलीत किंवा होळीत, हेच आमच्या हातांना माहीत. त्या वाळलेल्या ढिगापुढे मशीन उभं केलं आणि पहिली फांदी आत गेली तशी दगड भरडल्यासारखा आवाज झाला. पांढरी धूळ, काड्यांचे तुकडे, मशीनभर थरथर. दुपारपर्यंत आतली पाती बोथट झाली आणि रोलर नुसतेच थांबू लागले. ढीग होता तेवढाच दिसत होता. दादा बांधावर आला, ढिगाकडे बघितलं आणि निघून गेला.

मी घाबरले होते, हे कबूल करते. बांधावर बसून मी मनातल्या मनात त्या कागदावर सही करत होते. मथुराबाई पाण्याचा तांब्या घेऊन शेजारी बसल्या. म्हणाल्या, "बाई, येक सांगू का? कुऱ्हाड आपुन वल्या बाभळीवर चालवतो. वाळल्याली आसंल तर कुऱ्हाड उडती. मग ह्याला आपुन वाळल्याली कामून खाऊ घालतो?" आम्ही मशीन आणलं होतं, पण डोक्यात अजून चूलच होती. वाळलेलं लागतं ते आगीला. ह्याला तर ओलंच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी पाती फडक्यात गुंडाळून, मांडीवर घेऊन मी बसने वाळूजला निघाले. धार लावणाऱ्याच्या दुकानात मी माझा गेज काढला तेव्हा तो हसला. दोनदा त्याची धार मी नापास केली तेव्हा हसायचा थांबला. तिसऱ्या वेळी त्याने स्वतःच विचारलं, "आता बघा ताई, बसतंय का?" बसलं. मी कंपनीत दुसरी पाळी मागून घेतली, म्हणजे सकाळ रानाची आणि दुपारनंतर पोटापाण्याची.

त्यानंतरचे वीस दिवस मला आजही एकेक करून हवे असतात. सकाळी तोडायचं आणि त्याच सकाळी खाऊ घालायचं. फांदी मातीतून फरफटत आणायची नाही, दोघींनी उचलून आणायची, कारण मातीने धार जाते. बुंधा आधी, शेंडा मागून. बाया नवऱ्यांचे जुने पूर्ण बाहीचे शर्ट घालून यायच्या आणि एकमेकींना साहेब म्हणून हाक मारायच्या. ओली बाभूळ आत गेली की आवाज अगदी वेगळा यायचा, कोवळी काकडी मोडल्यासारखा, आणि नळीतून हिरवट पिवळा चुरा उडायचा. तो अंगावर, केसांत, भाकरीवर पडायचा. जाड खोडं बाजूला काढली ती बायांनी सरपणाला नेली. वाळलेले ढीग तर आधीच वाटून टाकले होते, त्या वर्षी वस्तीची होळी दोन पुरुष उंच झाली. मथुराबाई मशीनला सूनबाई म्हणू लागल्या होत्या, कारण खायला मोजकं पण कामाला वाघ.

एका सकाळी मी फांदी सोडून मान वर केली आणि समोर किल्ला उभा होता. देवगिरीचा, वरच्या बुरुजासकट. आमच्या रानातून तो दिसतो हे मी विसरूनच गेले होते. सोळा वर्षं बाभळीने तो झाकून टाकला होता. मी ओरडून सगळ्यांना दाखवला, जणू मीच बांधलाय. रफीकभाईंनी ट्रॅक्टर बंद केला आणि आम्ही सगळ्यांनी तिथेच उभ्याने चहा घेतला. मला त्या क्षणी इतका आनंद झाला की पाडव्याचं भानही राहिलं नाही.

आता तिथे सीताफळाची दोनशे रोपं आहेत. तो चुरा आम्ही त्यांच्या बुडाशी वीतभर जाड पसरला होता. या वर्षी तो काळा पडलाय. हाताने बाजूला केला तर ऐन उन्हाळ्याच्या तोंडावरही खाली ओल लागते, गांडुळं वळवळतात. बाभूळ अजून हार मानत नाही, दर पावसाळ्यात कुठून तरी नवे कोंब काढते, आणि मी दर रविवारी ते उपटते. आमचं जुनं भांडण आहे, चालायचंच. मशीन मथुराबाईंच्या बायाच चालवतात. पार हर्सूलपर्यंत त्यांना बोलावणं येतं. गेल्या वर्षी दादालाही बांधावरची बाभूळ काढायला ते हवं होतं. मी त्याला सांगितलं की नंबर लागला की येऊ. शेळीची गोष्ट मी काढली नाही, त्यानेच काढली आणि स्वतःच हसला.

त्या पाडव्याची सकाळ मात्र हसण्याची नव्हती. आदल्या दोन दिवसांत जेसीबीने बुडखे काढले होते, बायांनी दाताळ्याने सगळं रान विंचरून बारीक काटेही गोळा केले होते. घरची गुढी उभी करून मी रानात आले तेव्हा रफीकभाई नांगर जोडून वाट बघत होते. मथुराबाई आल्या होत्या. आईला माझ्या नवऱ्याने गाडीवर आणून सावलीत बसवलं होतं. दादा सगळ्यात शेवटी आला, हातात पिशवी. भाऊबीजेला हसलेले ते चुलतेही त्याच्याबरोबर होते. मला वाटलं, आता हा खोट काढणार. मी गेजवाली बाई, खोट कशी काढतात ते मला ठाऊक.

दादाने पिशवी बांधावर ठेवली, चपला काढल्या आणि अनवाणी रानात उतरला. सोळा वर्षं ज्या रानात लोक बूट घालूनही शिरत नव्हते, त्यात तो नाल्यापर्यंत सरळ चालत गेला, तिथून आडवा वळला, परत आला, पुन्हा गेला. पाय दाबून दाबून टाकत होता. एकदा मधेच थांबून तो वाकला. त्याने चिमटीत काहीतरी उचललं, बघितलं आणि टाकून दिलं. परत आल्यावर तो आईशेजारी बसला, एकेक पाय मांडीवर घेऊन तळवा हाताने पुसला, नीट बघितला.

"येक बी नाय गं," तो आईला म्हणाला. "येक बी काटा नाय."

मग त्याने पिशवीतून नारळ काढला. आमच्याकडे नांगराला नारळ पुरुषमाणूस फोडतो. बायांनी हातही लावायचा नसतो, लहानपणापासून मी हेच बघत आले. चुलत्यांनी सवयीने हात पुढे केला. दादाने नारळ त्यांच्या हातावरून पुढे नेला आणि माझ्यासमोर धरला.

"तू फोड," तो म्हणाला. "मालकानं फोडायचा आसतो."

नारळ किती जोराने आपटायचा असतो, हेही मला माहीत नव्हतं. मी तो दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला आणि नांगराच्या फाळापुढच्या दगडावर मारला. पहिल्याच दणक्यात फुटला.